हॅश टिल्डा हॅश

महिन्याची दहा तारीख उलटली की रबाळ्याच्या एमआयडीसीत पोटमाळ्यांवरचे दिवे उशिरापर्यंत चालू राहतात. खाली गाळ्यात लेथ, प्रेस, मोल्डिंगची मशिनं. वर लोखंडी जिना चढून गेलं की प्लायवूडच्या भिंतींचं ऑफिस, गणपतीचा फोटो, मस्टर, घरघरणारा पंखा आणि एक कॉम्प्युटर. खाली पोलादाला आकार देण्याचं काम चाललेलं असतं आणि वर पगाराच्या एक्सेल शीटची साधी टेक्स्ट फाइल करण्याचं. खालचं काम अवघड दिसतं. वरचं असतं.

कारण पंधरा तारीख. त्या तारखेच्या आत पीएफचं चलान भरायचं आणि त्याआधी ईसीआर, म्हणजे कोणाचा किती पीएफ याचं विवरण, चढवायचा. 2012 साली हा ईसीआर आला. त्याआधी 3अ, 6अ अशा नावांचे कागदी फॉर्म असायचे आणि ते भरणाऱ्या माणसाच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला कायमचा घट्टा पडलेला असायचा. आता घट्टा गेला, मानेचा पट्टा आला. ईसीआरचा वर्षानुवर्षांचा नमुना म्हणजे निव्वळ टेक्स्ट: नोटपॅडमध्ये उघडेल अशी, रंग नाही, रेघ नाही, ठळक अक्षर नाही अशी फाइल. पण पगार काही कोणी नोटपॅडमध्ये काढत नाही. तो निघतो एक्सेलमध्ये. म्हणून दर महिन्याला एक्सेलची टेक्स्ट करणं हा या गाळ्यांमधला एक नित्यनेमच होऊन बसला आहे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून, दिघा गाव, ऐरोली करत रबाळ्याला उतरणारे, दुपारपर्यंत एका गाळ्यात आणि दुपारनंतर दुसऱ्या गाळ्यात बसणारे जे आम्ही पार्ट-टाइम अकाउंटंट, त्यांचा हा धर्म.

मुळात पगाराची शीट ही हिशेबाची गोष्ट आहे हाच एक गैरसमज आहे. ती हौसेची गोष्ट आहे. सर्वात वर मधोमध "॥ श्री ॥". हे नसलं तर पगार चुकतो अशी काही ठिकाणी श्रद्धा आहे आणि ती मोडायची माझी हिंमत नाही. त्याखाली कंपनीचं नाव, आठ-दहा रकाने एकत्र करून, लाल अक्षरांत. हे एकत्र केलेले रकाने, ज्यांना आम्ही मर्ज सेल म्हणतो, लोकलच्या बाकावर शेजारी पिशवी ठेवून पसरलेल्या प्रवाशासारखे असतात. दिसायला ऐसपैस, पण कोणाला पुढे सरकू देत नाहीत. शीट क्रमाने लावायला जा, मर्ज सेल आडवा येतो. कॉपी करायला जा, आडवा येतो.

मग रंग. पिवळा म्हणजे नवीन माणूस. गुलाबी म्हणजे कंत्राटदाराचा माणूस. हिरवा म्हणजे ज्याने उचल घेतली आहे तो. राखाडी म्हणजे काय हे फक्त अकाउंट्सच्या मॅडमना माहीत, आणि त्या मे महिन्यात गावी गेल्या की संपूर्ण कारखान्यात ते कोणालाच माहीत नसतं. शेवटी शेऱ्यांचा रकाना. "गणपतीला गावी, आठ दिवस." "आईचं ऑपरेशन." "रविवारी आला होता, शेठना विचारणे." "बूट दिले." माझ्या मते शीटमध्ये वाचण्यासारखं एवढंच असतं. बाकीचे आकडे कोणत्याही गाळ्यात सारखेच.

टेक्स्ट फाइलला यातलं काही नको असतं. तिला एका माणसाची एक ओळ हवी. ओळीत अकरा गोष्टी: पीएफचा यूएएन नंबर, नाव, एकूण पगार, मग पीएफ, पेन्शन आणि विमा यांच्यासाठी धरलेला पगार तीन वेळा, मग भरलेल्या तीन रकमा, मग बिनपगारी दिवस, मग आगाऊ रकमेची परतफेड. आणि प्रत्येक दोन गोष्टींच्या मध्ये हॅश, टिल्डा, हॅश. म्हणजे अशी:

यूएएन#~#नाव#~#18200#~#15000#~#15000#~#15000#~#1800#~#1250#~#550#~#8#~#0

पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की कीबोर्डवरून मांजर गेलं. पण या चिन्हांची निवड शहाणपणाची आहे, हे ज्याने स्वल्पविरामाशी झुंज घेतली आहे त्याला लगेच पटतं. जगात सगळीकडे शीटची टेक्स्ट करताना रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम घालायची पद्धत आहे. तिला सीएसव्ही म्हणतात. साहेबांच्या देशात ती चालत असेल. आपल्याकडे पत्ता असतो "रूम नं. 4, साई कृपा चाळ, शाळेच्या मागे, तळवली नाका, घणसोली". हा एक पत्ता सीएसव्हीत, अवतरणचिन्हांच्या संरक्षणाशिवाय, सोडला की त्याचे पाच रकाने होतात आणि माणसाच्या पगाराच्या जागी "शाळेच्या मागे" येऊन बसतं. हॅश टिल्डा हॅश मात्र कोणाच्याही नावात, पत्त्यात, उखाण्यातसुद्धा येणार नाही.

वरच्या ओळीतल्या त्या आठकडे पुन्हा एकदा पाहा. तो म्हणजे "गणपतीला गावी". शेऱ्याच्या रकान्यात एसटी होती, आरती होती, भावाशी मिटलेलं किंवा न मिटलेलं भांडण होतं. टेक्स्टमध्ये आठ उरला. त्याला एनसीपी डेज म्हणायचं. आईच्या ऑपरेशनचेही एनसीपी डेज आणि मेहुण्याच्या लग्नाचेही एनसीपी डेज. दोन्हींसाठी अंक असतो, कारणासाठी जागा नसते. माझा याला विरोध नाही. गेली कित्येक वर्षं मी कारणं वाचतो आहे. काही कारणं अंकातच राहिलेली बरी.

पण सगळी टेक्स्ट फाइल इतकी कोरडी असली तरी एका बाबतीत ती शीटपेक्षा प्रामाणिक असते, आणि ते मला आवडतं. पंधरा हजारांवर पेन्शनचा हिस्सा 8.33 टक्के. गुणाकार केला तर येतात 1249 रुपये 50 पैसे. शीटमध्ये दशांश लपवून ठेवलेले असतात, त्यामुळे रकान्यात 1250 असं गुबगुबीत दिसतं. सगळे खूश. त्या रकान्याची टेक्स्टमध्ये जोडणी केली की आतून 1249.5 बाहेर येतं आणि फाइल परत येते, कारण तिला पूर्ण रुपये हवे असतात. शीट जे दाखवते ते एक असतं आणि तिच्या पोटात असतं ते वेगळं. राउंडचं सूत्र लावून तो अर्धा रुपया खरोखर मिटवावा लागतो, नुसता झाकून चालत नाही. शीटवर रकाना लपवला की तो गेला असं मानणारे शेठ पुष्कळ आहेत. त्यांना मी हे अर्ध्या रुपयाचं उदाहरण सांगतो. ते ऐकतात आणि रकाना लपवतात.

एक्सेलचा दुसरा स्वभाव असा की त्याला प्रत्येक गोष्ट आधीच समजलेली असते. यूएएन नंबर बारा आकडी, बहुतेकांचा शंभर किंवा एकशेएकने सुरू होणारा. अकरापेक्षा जास्त आकडे दिसले की एक्सेल तो नंबर विज्ञानाच्या वहीतल्यासारखा लिहितं: 1.01ई+11. पुढच्याचाही 1.01ई+11. त्याच्या पुढच्याचाही. ऑपरेटर, हेल्पर, वॉचमन, शेठचा भाचा, सगळ्यांना एकच नंबर. इतकी समता या गाळ्यात दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. आतला खरा नंबर शाबूत असतो. पण "सेव्ह ॲज" करून सरळ टेक्स्ट केली तर एक्सेल पोटातलं न लिहिता तोंडावरचं लिहितं, आणि मग ती समता कायमची होते. म्हणून जाणकार मंडळी रकाने सूत्राने जोडून, जोडलेल्या ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवतात.

गाळ्याचा नंबर 5/12 असेल तर एक्सेल म्हणतं 5 डिसेंबर. 022 या कोडचा पहिला शून्य ते निरुपयोगी म्हणून टाकून देतं. या हुशारीचा त्रास फक्त रबाळ्याला होतो असं नाही. माणसाच्या काही जनुकांची इंग्रजी नावं मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांच्या आखूड रूपांसारखी होती. शास्त्रज्ञ ती शीटमध्ये लिहायचे आणि एक्सेल त्यांच्या तारखा करायचं. शेवटी 2020 साली जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. सॉफ्टवेअरपुढे मानवाच्या पेशीने माघार घेतली, असा हा प्रसंग. मायक्रोसॉफ्टने ही आपोआप बदलण्याची सवय बंद करायची सोय दिली ती त्यानंतर, 2023 मध्ये. त्याच 2020च्या शरदात इंग्लंडच्या आरोग्य खात्याकडून कोविडचे जवळजवळ 16000 रुग्ण मोजायचे राहिले. प्रयोगशाळांकडून टेक्स्ट फाइल येत होत्या, त्या जुन्या पद्धतीच्या एक्सेलमध्ये भरल्या जात होत्या, आणि जुन्या शीटला 65536 ओळींपुढे ओळच नसते. उरलेले रुग्ण शीटच्या तळाखाली गेले. टेक्स्टला तळ नसतो. आमच्या गाळ्यातली माणसं चाळीसच्या वर क्वचित जातात, त्यामुळे आम्हाला या संकटाची भीती नाही, पण बातमी वाचून बरं वाटलं होतं. मोठमोठ्या देशांतही कोणीतरी पोटमाळ्यावर बसलेलं असतं.

ईसीआर सुटला की सुटलो, असंही नाही. कामगार विम्याच्या वर्गणीची तारीखही तीच, पण तिथे उलटं: त्यांना एक्सेलच लागते, आणि तीही जुनी, 97-2003च्या घडणीची. नवीन एक्सेलमधून मुद्दाम मागे जाऊन जतन करावी लागते. टीडीएसचं तिमाही विवरण पुन्हा टेक्स्ट, पण तिथे हॅश टिल्डा चालत नाही, रकान्यांच्या मध्ये टोपी हवी, ^ अशी. म्हणजे एकाच माणसाचा एकाच महिन्याचा पगार एकीकडे हॅश टिल्डा हॅशने तोडायचा, दुसरीकडे टोपी घालून पाठवायचा आणि तिसरीकडे वीस वर्षांपूर्वीचे कपडे चढवून.

विम्याच्या त्या जुन्या शीटमध्ये एक रकाना आहे जो मी दर महिन्याला वाचतो, गरज नसली तरी. महिन्यात एकही दिवस काम झालं नसेल तर कारण द्यायचं, आणि ते अंकात. 0 म्हणजे विनाकारण. 1 म्हणजे रजेवर. 2 म्हणजे नोकरी सोडली. 3 म्हणजे निवृत्त. 5 म्हणजे वारला. 9 म्हणजे संप किंवा टाळेबंदी. 11 म्हणजे काम नाही. या ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, 1960 नंतरच्या दशकांत जे काही उभं राहिलं आणि नंतर त्यातलं जे काही बंद पडलं, त्याचा इतिहास लिहायला बसलं तर एवढे अंक बहुधा पुरतील. केमिकलवाले गेले, इंजिनिअरिंगचे काही टिकले, आणि आता मोठाल्या काचांचे आयटी पार्क आणि डेटा सेंटर आले. सिफीचं डेटा सेंटर रबाळ्यातच आहे. खिडक्या नसलेल्या त्या इमारतींमध्ये अर्ध्या देशाचं काय काय साठवलेलं असेल. त्याच रस्त्यावर पलीकडच्या गल्लीत आमची पगाराची शीट अजून पेनड्राइव्हवर प्रवास करते, आणि पेनड्राइव्ह किल्ल्यांच्या जुडग्याला बांधलेला असतो, हरवू नये म्हणून.

आता "॥ श्री ॥"चं काय होतं ते सांगायला हवं. साध्या टेक्स्टमध्ये शीट जतन करायला गेलं की एक्सेल आधी एक इशारा देतं: काही गोष्टी हरवू शकतात, चालेल का? आपण घाईत "हो" म्हणतो. जुन्या पद्धतीच्या टेक्स्टमध्ये देवनागरी मावत नाही. जिथे जिथे मराठी अक्षर असेल तिथे तिथे एकेक प्रश्नचिन्ह उमटतं. श्री हे अक्षर आपल्याला एक दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते श, हलन्त, र आणि दुसरी वेलांटी असं चौघांचं कुटुंब आहे. त्यामुळे नोटपॅडमध्ये पहिल्याच ओळीवर येतं: ? ???? ?. मंगलाचरणाच्या जागी सहा शंका. एका मॅडमनी ते पाहून फाइल बंद केली, गणपतीच्या फोटोकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "काका, हे तुम्हीच करा."

बरं, ही देवनागरी युनिकोडमधली असेल तर. ती युनिकोडची नसेल तर प्रकार आणखी रंगतो. शिवाजी, श्रीलिपी वगैरे फॉन्टमध्ये टाइप केलेल्या जुन्या शीट अजून गाळ्यागाळ्यांत आहेत. तिथे मराठी फक्त कपड्यांपुरती असते. आत रोमन अक्षरं आणि चिन्हंच भरलेली असतात. टेक्स्ट केली की फॉन्ट उतरतो आणि "वेतनपत्रक" या शीर्षकाच्या जागी कंस, डॉलर आणि टक्के यांचा ढीग दिसतो. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, 1991 मध्ये, देवनागरीला जागा मिळाली. तेव्हापासून सोय आहे, फक्त सवय नाही. सीएसव्ही यूटीएफ-8 अशा नावाने जतन केलं की श्री शाबूत राहते. थोडी जड होते, एवढंच. इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटमध्ये मावतं, आपल्या "क्ष"ला नऊ लागतात. क्षमा, क्षीरसागर, लक्ष्मण ही मंडळी सामान जास्त घेऊन प्रवास करतात.

म्हणून सरकारी फाइलींत आमची नावं इंग्रजीतच जातात, आणि तिथे ज्ञानेश्वराचं काय होतं हे महाराष्ट्राला सांगायची गरज नाही. आधारवर डी-एन-वाय, बँकेत जी-वाय, शाळेच्या दाखल्यावर जे-एन. शीटमध्ये मी तिन्ही ज्ञानेश्वर शेऱ्यात सांभाळून ठेवतो. ओळीत एकच जातो.

टेक्स्ट फाइल फार कोरडी, हे मी म्हणालो खरं. पण तिच्यात एक जुनी, न दिसणारी गंमत आहे. विंडोजच्या टेक्स्ट फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं असतात. एक सांगतं, गाडा ओळीच्या सुरुवातीला परत न्या. दुसरं सांगतं, कागद एक ओळ वर सरकवा. पहिल्याचा धडा आमच्या पिढीने हाताने गिरवला आहे. गोदरेजने 1955 साली देशातला पहिला टाइपरायटर बनवला, 2009 मध्ये बनवणं थांबवलं, आणि मधल्या काळात ठाण्याच्या कोर्टाबाहेर झाडाखाली बसलेल्या टायपिस्टांनी ओळ संपत आल्याची घंटी वाजली की तो गाडा लाखो वेळा उजवीकडे ढकलला. आता गाडा नाही, घंटी नाही, कागद नाही. पण रबाळ्याच्या पोटमाळ्यावरून वर गेलेल्या फाइलीत हेल्परच्या ओळीनंतर अजून कोणीतरी गाडा परत नेतं.

या साधेपणामुळे टेक्स्ट फाइल टिकते. व्हिसीकॅल्क ही पर्सनल कॉम्प्युटरवरची पहिली शीट 1979ची, लोटस 1983ची. त्या काळात लोटसमध्ये काढलेला पगार आज उघडून बघायचा म्हटलं तर आधी उघडणारा माणूस शोधावा लागेल. त्याच वयाची साधी टेक्स्ट फाइल कोणत्याही फोनवर उघडते. आपल्याकडे पुण्याच्या पेशवे दफ्तरात तर याहून जुना पुरावा आहे. तिथल्या रोजकीर्दी मोडीत आहेत: आधी पानभर शिरोरेघ ओढायची आणि मग तिच्याखाली लेखणी न उचलता लिहीत जायचं, दोन शब्दांत अंतरसुद्धा न सोडता. हॅश टिल्डा तर लांबच राहिलं. रंग नाही, मर्ज सेल नाही. गणेश चिमणाजी वाडांनी त्या रोजकीर्दींतून निवडून पेशव्यांच्या रोजनिशीचे खंड काढले, आणि म्हणून कोणाला किती रुपये, किती वस्त्रं, कशाबद्दल दिली ते आज वाचता येतं. पण एक फरक आहे, आणि तो मला खुपतो. त्या कारकुनाने "कशाबद्दल" हे लिहून ठेवलं होतं. आमच्या अकरा रकान्यांत ते नाही. उद्या कोणी रबाळ्याचं दफ्तर काढलं तर त्याला आठ मिळेल, गणपती मिळणार नाही.

म्हणून माझा आग्रह असा की टेक्स्ट चढवून झाली की शीट पुसायची नाही. शेऱ्यांसकट, पिवळ्या-गुलाबीसकट, "शेठना विचारणे"सकट ती ठेवायची. राखाडी म्हणजे काय हे मात्र मॅडम गावी जाण्याआधी लिहून घ्यायचं.

आणि तुम्ही स्वतः कुठे पगारावर असाल तर तुमचीही दर महिन्याला अशी एक ओळ जात असते, ती काय म्हणते ते अधूनमधून बघा. नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, मधला एखादा महिना कोरा राहिलाय का, एवढं बघितलं तरी पुरे. दहा वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शनचा हक्क लागतो आणि ती दहा वर्षं या ओळींतूनच मोजली जातात. उमंग ॲपवर पासबुक दिसतं. ॲप नको असेल तर यूएएनला जोडलेल्या मोबाइलवरून 9966044425 या नंबरला मिस्ड कॉल द्या. फोन आपोआप कट होतो आणि शिल्लक मेसेजने येते. पैसे लागत नाहीत.